खाटेवरची चादर आणि धुलाईघरातील कामगार
(झालाना, जयपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपण आज जयपूरच्या झालाना डोंगरीच्या पायथ्याशी जमलो आहोत. याच परिसरात राजस्थानची राज्य आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था आहे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण तेथे चालते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालयही येथेच आहे. याच डोंगराच्या कुशीत कष्टकऱ्यांची कच्ची वस्ती आहे. तिच्यातील माणूस आजारी पडला, तर सरकारी रुग्णालयाच्या खाटेवाचून त्याला आसरा नाही. रुग्णालय स्वच्छ कसे राखावे याचे ज्ञान आणि त्या स्वच्छतेची ज्याला सर्वाधिक गरज आहे तो माणूस, यांत येथे हाकेचे अंतर आहे. असे असूनही देशातील असंख्य गरीब रुग्ण सरकारी रुग्णालयात जाताना घरची चादर काखोटीला मारून निघतात. याचे कारण काय?

कारण विचारले की उत्तर ठरलेले असते: "कापड कमी आहे, यंत्र बंद आहे, कामगार कामचुकार आहेत." या तिन्ही सबबी तपासून पाहिल्या पाहिजेत.

प्रथम हिशेब पाहू. रोज चादर बदलायची असेल, तर एक चादर खाटेवर असते, दोन धुलाईच्या फेऱ्यात असतात, एक वॉर्डच्या कपाटात आणि एक सुट्टीच्या किंवा अडचणीच्या दिवसासाठी राखीव लागते. म्हणजे एका खाटेमागे पाच चादरी. पाचशे खाटांच्या रुग्णालयाला अडीच हजार. आता धुलाईचा फेरा एका दिवसाने लांबला, तर पाचशे चादरी जास्तीच्या अडकून पडतात आणि राखीव साठा एका दिवसात संपतो. दुसऱ्या दिवशीही गाडी आली नाही, तर वॉर्डचे कपाट रिकामे होते. शस्त्रक्रियेचे कपडे वेळेवर निर्जंतुक होऊन आले नाहीत, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, आणि रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला पुढची तारीख घेऊन परत जावे लागते.

यातून आणखी एक दुष्टचक्र सुरू होते. उद्या कपडे येतील याची खात्री नसली की परिचारिका आपल्या रुग्णांच्या काळजीपोटी चार चादरी कुलुपात ठेवते. प्रत्येक वॉर्डने असे केले की फिरता साठा आटतो, टंचाई वाढते आणि कुलपे आणखी घट्ट होतात. तिला साठेबाज म्हणून नोटीस देणे हा अन्याय आहे. पुरवठा नियमित करा, कुलपे आपोआप उघडतील. तसेच फाटलेल्या चादरी नोंदवहीतून वजा होतात, पण त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. कागदावर पाच संच आणि प्रत्यक्षात तीन, ही स्थिती अशीच निर्माण होते.

दुसरा प्रश्न कंत्राटाचा. जेथे मळक्या कपड्यांच्या वजनावर बिल निघते, तेथे ओल्या कपड्याला अधिक पैसे मिळतात, आणि हरवलेल्या नगाचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. पैसे द्यायचे ते स्वच्छ, कोरड्या, मोजून परत आलेल्या नगांवर द्यावेत. जंतू मारण्यासाठी पाणी 71 अंश सेल्सिअसला पंचवीस मिनिटे ठेवावे, हे सर्वसाधारणपणे शिफारस केले जाणारे प्रमाण आहे. इंधन वाचवून नफा काढणारा कंत्राटदार नेमका येथेच हात आखडता घेतो. चादर दिसायला पांढरी असते, पण रोग तिच्यात तसाच राहतो.

जयपूरच्या बाबतीत पाण्याचाही विचार केला पाहिजे. ज्या रामगढ तलावावर 1982 च्या आशियाई खेळांतील नौकानयनाच्या स्पर्धा झाल्या, तो पुढे कोरडा पडला. आज या शहराची तहान मुख्यतः टोंक जिल्ह्यातील बीसलपूर धरणावर भागते. धुलाईला किलोमागे अनेक लिटर पाणी लागते. तेव्हा स्वतंत्र साठवण टाकी आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय हे धुलाईघराचे मूलभूत अंग मानले पाहिजे.

आणि आता कामगार. रक्तामांसाने माखलेले कपडे तो वेगळे करतो. त्यांत विसरलेली सुई त्याच्याच बोटात घुसते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 10 मध्ये कसोटी होती ती ही की काम बारमाही आहे काय, आणि आस्थापनेला आवश्यक आहे काय. धुलाई या कसोटीला पुरेपूर उतरते. परंतु 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने साहाय्यक सेवा म्हणून चालणारी धुलाई 'गाभ्याचे काम नाही' अशा यादीत टाकली. ज्यावाचून शस्त्रक्रिया थांबते, ते काम गाभ्याचे नाही, हे कोणत्या रुग्णाला पटेल?

मुंबई महापालिकेने आपल्या रुग्णालयांसाठी परळला स्वतःचे यांत्रिक धुलाई केंद्र उभारले. धुलाई ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. कॅनडातील कॅलगरी शहरात 14 नोव्हेंबर 1995 रोजी रुग्णालयातील सुमारे 120 धुलाई कामगारांनी काम थांबवले. त्यांनी आधी 28 टक्के वेतनकपात सोसली होती, तरीही त्यांचे काम खाजगी कंपनीला द्यायचे ठरले होते. दहा दिवसांत सुमारे अडीच हजार कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि ते कंत्राट अठरा महिने लांबणीवर टाकावे लागले. सर्वांत खालचे समजले जाणारे काम थांबले की रुग्णालयाचा खरा पाया कोणता, हे सर्वांना कळते.

परंतु साथींनो, आपल्यालाही आत्मपरीक्षण टाळता येणार नाही. कपडे चोरीला जातात, मोजणी न करता सह्या होतात, आणि तेव्हा संघटना अनेकदा गप्प बसते. जो संघ चादरीचा हिशेब ठेवत नाही, त्याच्या वेतनाच्या मागणीमागे रुग्ण उभा राहणार नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. खाटेमागे पाच संच आणि फाटलेल्याच्या बदली त्याच महिन्यात नवा. वॉर्डच्या दारात दोघांच्या सहीने नगांची मोजणी. बॉयलर बंद पडल्यास पर्यायी व्यवस्था आधीच ठरलेली. धुलाई कामगाराला कायम नोकरी, जाड हातमोजे आणि काविळीची लस. आणि देखरेख समितीत परिचारिका, धुलाई कामगार व रुग्णांचे प्रतिनिधी.

या मागण्या घेऊन प्रथम खाटेजवळ बसलेल्या नातेवाइकाकडे जा. घरून आणलेली चादर ही त्याची हौस नव्हे. सरकारने त्याच्यावर लादलेला तो कर आहे. हे त्याला पटले की धुलाईघरातील कामगार एकटा राहणार नाही.