वल्ही पुढच्याच्या हाती



कन्नड तालुक्याच्या गावी, पदवीदान समारंभात उभं राहून नौकानयनावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपली शिवना नदी पावसाळ्यात दिसते, पुढे तिची आठवण काढावी लागते. इथल्या माणसाचा पाण्याशी संबंध विहीर, बोअर आणि टँकर एवढाच. तरीही विषय मी मुद्दाम निवडला आहे.

मी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था मुळा-मुठेच्या संगमाजवळ आहे. खाली बंडगार्डनला बंधारा असल्यामुळे संगमापाशी पाणी तुंबून संथ राहतं. त्या पाण्यावर १९२८ साली महाविद्यालयाचा बोट क्लब सुरू झाला. क्लबची रोजची कामं विद्यार्थीच बघतात. नवख्याला वल्हं धरायला वरच्या वर्गातला मुलगा शिकवतो. बोट खांद्यावर घेऊन पाण्यात उतरवायची, परत आल्यावर पुसून जागेवर ठेवायची, खिळखिळी झाली तर दुरुस्त करायची. दर वर्षी रेगाटा, म्हणजे बोटींचा मेळा, होतो. संध्याकाळी अंधार पडला की पंटवर, म्हणजे सपाट बुडाच्या नावेवर, मशालींचे खेळ होतात, कयाक आणि स्कल या अरुंद बोटी बाणाच्या आकारात रांग धरून येतात, आणि काठावर गर्दी मावत नाही. हल्ली सरावाआधी जलपर्णी हटवावी लागते आणि नदीला जो वास येतो त्याबद्दल इथे न बोललेलंच बरं. शहरानं नदीची काय दशा केली, हे त्या मुलांइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल.

या परंपरेत मला सर्वात मोलाचं काय वाटतं, सांगतो. तिच्यात कोणीही चार वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही. हाताला घट्टे पडून वल्हं जरा कुठे वळू लागतं, तोवर निकाल लागतो आणि माणूस नोकरीला जातो. जी बोट तुम्ही घासूनपुसून ठेवली ती पुढच्या वर्षी कुणी अनोळखी पोरगा वापरणार, आणि त्यानं कदाचित त्याआधी बोट फक्त चित्रात पाहिलेली असणार. माझ्या वेळी क्लबात आलेल्यांपैकी बहुतेकांचं तसंच होतं. पाण्यावर वाढलेली मुलं मोजकीच.

नुसत्या जुनेपणाचं मला फारसं कौतुक नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची बोट रेस १८२९ साली सुरू झाली. जगातल्या नावाजलेल्या शर्यतींपैकी ती एक. त्याच विद्यापीठांतल्या मुलींची शर्यत १९२७ साली सुरू झाली, पण मुलांच्याच दिवशी, थेम्सच्या त्याच पात्रात वल्ही मारायला त्यांना २०१५ उजाडावं लागलं. अठ्ठ्याऐंशी वर्षं! परंपरा जपतो म्हणणाऱ्यांनी दार किती वेळ लावून धरलं होतं, हेही विचारायला हवं. आज पदवी घेणाऱ्या मुलींना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्याजवळ येऊ. औट्रम घाट उतरून चाळीसगाव, नांदगाव, मनमाड करत गेलं की चांदवड तालुका लागतो. तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू बबन भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खणणारा मुलगा. २०१२ साली तो सैन्यात गेला आणि पुण्यात लष्कराच्या रोइंग केंद्रात त्यानं वल्ही हाती घेतली. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. चार वर्षांत, २०१६ साली, तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बोटीत, म्हणजे सिंगल स्कलमध्ये उतरला आणि तेरावा आला. नौकानयनात त्या वर्षी भारताचा तो एकटाच होता.

हे कसं झालं? या खेळात जोर हातांत असतो असं काठावरून वाटतं. बोटीतली बैठक चाकांवर मागेपुढे सरकते, त्यामुळे बोट मुख्यतः पायांनी लोटली जाते. मग कंबर, आणि हात सर्वात शेवटी. खड्ड्यात उभं राहून दगड उपसलेल्या माणसाकडे हे भांडवल होतंच. त्याला बोट देणारं, तंत्र शिकवणारं आणि पोट भरणारं कुणीतरी हवं होतं. ते त्याला लष्करानं दिलं. जिद्दीच्या गोष्टी सांगताना आपण हा अर्धा भाग गाळतो, आणि मग मुलांना वाटतं की जिद्द केली की झालं.

२०१८च्या आशियाई स्पर्धा इंडोनेशियात होत्या, नौकानयन पालेंबांगला. एकट्याच्या अंतिम शर्यतीत दत्तू तापानं फणफणलेला होता. मध्येच थांबला, शेवटी आला. दुसऱ्याच दिवशी चौघांची शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू. त्यांनी सुवर्णपदक आणलं.

चौघांच्या बोटीत सर्वात जोरदार गडी सर्वात उपयोगाचा असतोच असं नाही. बैलजोडीत एकच बैल दमदार निघाला की गाडी चाकोरी सोडते, तसंच इथे. सगळ्यांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरावी लागतात आणि एकाच क्षणी निघावी लागतात. दोन हजार मीटरांत ती लय एकदा मोडली तर परत बसवायला वेळ उरत नाही. आदल्या दिवशी कोलमडलेल्या माणसाला बाकी तिघांनी बोटीत घेतलं आणि त्यानंही लय सोडली नाही. हे मला सुवर्णपदकाइतकंच मोठं वाटतं. एकट्याच्या शर्यतीतलं अपयश त्या बोटीत कुणी त्याच्या नावावर लिहून ठेवलं नाही.

तुमच्यातले बरेच जण आता पुणे, संभाजीनगर, नाशिक अशा गावांना जातील. काही जण शेती आणि अद्रकाचा व्यापार सांभाळायला इथेच थांबतील, आणि त्यात कमीपणा नाही. कुठेही गेलात तरी तुमच्या मागून तालुक्यातून कुणीतरी येणार आहे. त्याला खोली कुठे मिळते, कोणता फॉर्म आधी भरायचा, मुलाखतीला काय विचारतात, हे ठाऊक नसेल. तुम्हालाही नव्हतं. त्याचा फोन उचला. आणि कन्नडलाच राहणाऱ्यांना एक काम सांगतो. तालुक्यात शिवना-टाकळीसारखे जलाशय आहेत. साठा असेल तेव्हा तिथे नौकानयन शिकवण्याजोगी जागा आहे का, सुरक्षेची सोय काय लागेल, हे पाटबंधारे खात्याला रीतसर अर्ज करून विचारा. उत्तर उशिरा येईल, पण अर्जाची पोच जपून ठेवा. जुन्या बोटींसाठी पुण्याच्या बोट क्लबाकडे शब्द टाकायचं काम माझ्याकडे.

एवढं बोलून थांबतो. नावं पुकारायला घ्या, मागच्या रांगेतले पालक मघापासून मोबाइल सरसावून बसलेत.