उत्तर चुकलें कीं कोष्टक बदललें?

परंदवडीच्या एखाद्या घरीं आणेपैचें जुनें अंकगणित अद्याप जपलेलें असेल, तर त्यांतील उत्तरें आजच्या मुलाला कोड्यांत टाकतील. १ एप्रिल १९५७ रोजीं भारतांत दशमान नाणेपद्धति सुरू झाली. सरकारी कोष्टकांत एका आण्याचे सहा नये पैसे होत, आणि तीन आण्यांचे एकोणीस. एकेक आणा तीन वेळां मोडणाऱ्याच्या हातीं मात्र अठराच पडत. बेरीज कोणाचीच चुकली नव्हती. आण्याचे सवासहा पैसे पूर्णांकांत बसवितांना कोष्टकानें अपूर्णांक सोडला होता.

तेथून फार दूर नसलेल्या हिंजवडींत संगणकांच्या ज्या कचेऱ्या आहेत, तेथील कामांतहि असाच प्रसंग येतो. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचा क्रम म्हणजे प्रोग्राम. तो बरोबर चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कसोट्या लिहून ठेवितात : अमुक दिलें असतां अमुक उत्तर यावें. मार्च २०२३ मध्यें जावा या प्रोग्रामांच्या भाषेची विसावी आवृत्ति निघाली, आणि ज्यांना कोणीं हातहि लावला नव्हता अशा प्रोग्रामांच्या कसोट्या फसूं लागल्या. अपेक्षित उत्तर ‘९:३० एएम’; आलेलें उत्तरहि पाहणाऱ्याला ‘९:३० एएम’ असेंच दिसे!

भेद होता आंकडा व अक्षरें यांमधील मोकळ्या जागेंत. तारखा व वेळा लिहिण्याच्या देशोदेशींच्या रीतींचा जो संग्रह जावा वापरते, त्याच्या बेचाळिसाव्या आवृत्तीनें इंग्रजी वेळेंतील साधी जागा काढून न तुटणारी अरुंद जागा घातली. डोळ्यांना दोन्ही रिकाम्याच. संगणकाला तीं दोन निराळीं चिन्हें.

उतावळा मनुष्य अशा वेळीं नवें उत्तर कसोटींत उतरवून मोकळा होतो. कसोटी उतरते, दोष राहतो. रुग्णालयाच्या नोंदींत साध्या जागेनिशीं लिहिलेली जुनी वेळ नव्या आवृत्तीला वाचतां आली नाहीं, तर खोळंबा रोग्याचा होईल. सुज्ञ मनुष्य तीच कसोटी जुन्या व नव्या आवृत्तींवर चालवितो, दोन्ही उत्तरें चिन्हागणिक ताडतो, जुन्या नोंदी वाचून पाहतो आणि मगच दुरुस्तीस हात घालतो. वेळ कोणत्या नमुन्यांत लिहावी हें तो प्रोग्रामांतच ठरवून देतो, म्हणजे पुढील बदलाची झळ लागत नाहीं.

परंदवडीच्या त्या मुलानेंहि पुस्तकांतील उत्तर खोडण्यापूर्वीं तें कोणत्या कोष्टकानें काढलें आहे, हें अगोदर पाहावें.