टिकाऊ टोमॅटो आणि त्याचें बीं
(ज्युबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्याख्यानांत एक तरी विषय शेतीचा असावा, आणि तो पुरुषांना व बायकांना सारखाच उपयोगी पडावा, अशी मंडळाची सूचना होती. म्हणून मीं टोमॅटो निवडला. शेतांत तो पुरुषांचा, चुलीपाशीं तो बायकांचा, आणि भाव पडला म्हणजे उकिरड्याचा! हा तिसरा धनी कसा टाळावा, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

भोकरदन तालुक्यांतील पिंपळगाव रेणुकाईचें उदाहरण घ्या. हें गांव मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. हंगाम सुरू झाला कीं परप्रांतांतले व्यापारी तेथें येऊन उतरतात आणि हिरव्या मिरचीचीं पोतीं भरून गाड्या लांब लांब जातात. भाव पडल्याचें दुःख तेथील शेतकऱ्यास नवीन नाहीं. परंतु त्याच्या मालास एक सोय आहे. हिरवी मिरची परवडेनाशी झाली तर ती झाडावरच लाल होऊं द्यावी, उन्हांत वाळवावी आणि पोत्यांत भरून बऱ्या दिवसाची वाट पाहावी. मिरचीला असे दोन जन्म आहेत. तिचा चुलतभाऊ जो टोमॅटो त्याला मात्र एकच. पिकला कीं विकला पाहिजे, नाहीं तर सडला.

चुलतभाऊ हा शब्द मीं थट्टेनें वापरला नाहीं. मिरची, टोमॅटो, वांगें आणि बटाटा हीं सारीं एकाच कुळांतलीं. त्यांपैकीं वांगें तेवढें आपल्या देशाचें; बाकीचीं तिन्ही अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या काळांत व त्यानंतर आपल्याकडे आलीं. युरोपांत टोमॅटोचें वर्णन इटलीच्या मात्तिओली नांवाच्या वैद्यानें १५४४ सालीं छापलें. तेथें त्यास ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचें फळ, असें नांव पडलें. आपल्या जुन्या लोकांनीं त्यास बेलवांगें म्हटलें, वऱ्हाडांत भेदरें म्हणतात. ज्या फळाला घरोघर निराळें नांव मिळालें तें परकें कसलें?

आतां भावाची गोष्ट. जुलै २०२३ मध्यें टोमॅटोचा किरकोळ भाव किलोस शंभर रुपयांच्या वर गेला, कांहीं शहरांत तर दोनशेंच्याही पुढें. शहाण्या गृहिणींनीं चिंच आणि आमसूल बाहेर काढलें. पुढें दोन महिनेही गेले नाहींत तोंच, त्याच वर्षीं सप्टेंबरांत, तोच माल किलोस थोड्याशा रुपयांनाही कोणी घेईना आणि शेतकऱ्यांनीं तो रस्त्यावर ओतला. नाशिक जिल्ह्यांतील पिंपळगाव बसवंत आणि पुणे जिल्ह्यांतील नारायणगाव हे टोमॅटोचे मोठे बाजार. तेथें हा खेळ वरचेवर चालतो. रेणुकाईच्या पिंपळगांवचा शेतकरी मिरची वाळवून निदान थांबूं शकतो, बसवंतच्या पिंपळगांवच्या शेतकऱ्यास थांबण्याची मुभा नाहीं. गरिबाच्या मालास थांबतां येणें ही मोठी दौलत आहे.

ही मुभा टोमॅटोस मिळवून देणारे लोक जगांत आहेत काय? आहेत, आणि ते कांहीं मोठे भांडवलवाले नव्हेत. इटलींत नेपल्स शहराजवळ व्हेसुव्हियस नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावरील राखेच्या जमिनींत, पुष्कळदां पावसाच्याच ओलीवर, एक बारीक, टोंकदार, जाड सालीचा टोमॅटो पिकतो. उन्हाळ्यांत त्याचे घोसच्या घोस तोडून ते तागाच्या दोरीभोंवतीं गुंफतात आणि हवेशीर जागीं टांगून ठेवतात. मग हिंवाळाभर घरची बाई त्यांतून लागतील तेवढे खुडून घेते. या टोमॅटोला ‘पिएन्नोलो’ म्हणतात. आपल्या जालन्याच्या मोसंबीस जसें भौगोलिक मानांकन मिळालें आहे, तसेंच त्याच्या नांवास युरोपांत २००९ सालीं संरक्षण मिळालें. स्पेनच्या कातालोनिया प्रांतांत अशाच जातीस ‘टांगण्याचा टोमॅटो’ एवढेंच नांव आहे. तो मधोमध कापून भाकरीसारख्या जाड पावावर चोळतात, वर तेल आणि मीठ. झालें कामकऱ्याचें जेवण. आपला कांदा-भाकरीचा गडी यांत परका वाटणार नाहीं.

शास्त्रज्ञांनीं या टांगण्याच्या टोमॅटोचें मर्म शोधलें तेव्हां पोर्तुगालांतील एका गांवाचें नांव पुढें आलें. अल्कोबासा हें तें गांव. तेथें ११५३ सालीं स्थापन झालेला सिस्टर्शियन साधूंचा प्रसिद्ध मठ आहे, म्हणून आपल्यांतील कित्येकांनीं तें नांव ऐकलें असेल. टोमॅटोच्या एका जुन्या पोर्तुगीज जातीस त्या गांवाचें नांव आहे, आणि तिच्यांतील टिकाऊपणाच्या गुणासही शास्त्रीय ग्रंथांत तेंच नांव पडलें आहे. त्याची रीत अशी: फळ पिकूं लागलें म्हणजे तें स्वतःच एथिलीन नांवाचा वायु सोडतें, आणि तो वायु त्याच फळास अधिक पिकवितो. पिकणें म्हणजे जणूं उतारावरून सुटलेली गाडी. ही गाडी सोडण्याची आज्ञा देणारा एक घटक बीजांत असतो. अल्कोबासा जातींत त्यांत थोडा फरक पडलेला आहे. त्यामुळें फळ पिकतें खरें, पण हळूहळू पिकतें, आणि पिकल्यावरही पुष्कळ दिवस घट्ट राहतें. स्पेनच्या टांगण्याच्या टोमॅटोंतही हाच गुण सांपडला.

तात्पर्य, टिकाऊपणा हा केवळ टोपलीचा किंवा थंड खोलीचा प्रश्न नाहीं. अर्धाअधिक तो बियांतच ठरलेला असतो. साल जाड आहे कीं पातळ, आंत मगज दाट आहे कीं पाण्यासारखा रस अधिक, हें पेरतांनाच ठरून गेलेलें असतें. येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. जुनें तें सारें टिकाऊ, असें मुळींच नाहीं. आपल्याकडचा पाऱ्यापाऱ्यांचा, चपटा, आंबट गांवरान टोमॅटो चटणीला अमृत आहे, परंतु त्याची साल पातळ. गाडींत बसून तालुक्यास जाईपर्यंत तो अर्धा फुटतो. बाजारांत संकरित जाती आल्या त्या उगाच आल्या नाहींत. संकरित बियांची निंदा करणें तर जालना जिल्ह्यांत राहून कृतघ्नपणाचेंच होईल. बद्रीनारायण बारवाले यांनीं ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियांपासून सुरुवात करून १९६४ सालीं जालन्यांत बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांचें गांव म्हणून जालन्यास आज देशभर ओळखतात. परंतु संकरित झाडाचें बीं धरलें तर पुढच्या पिढींत गुण फुटतात. एक झाड बापावर जातें, एक आईवर, एक कोणावरच नाहीं. म्हणजे दर वर्षीं पुडी विकत घेणें आलें. शिवाय लांबच्या प्रवासासाठीं केलेल्या कित्येक जातींत टिकाऊपणा आला आणि चव गेली. फळ महिनाभर घट्ट राहतें, पण रंग फिकट आणि जिभेस तें पाण्यासारखें लागतें.

मग उपाय काय? माझें म्हणणें असें आहे कीं, चवीचा आणि टिकणारा टोमॅटो प्रत्येक गांवानें स्वतः निवडावा. त्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. टोमॅटोचें फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें, म्हणून चांगल्या झाडाचें बीं बरेंचसें त्याच झाडासारखें उगवतें. मिरचीचें तसें नाहीं, तिच्यांत मधमाश्या फार मिसळ करितात.

शेजारीं, मामाच्या गांवीं, डोंगराकडच्या वस्तीवर, जेथें जेथें गांवरान बीं मिळेल तेथून चिमूट चिमूट आणावें. भाद्रपदांत रोप टाकावें आणि चार आठवड्यांनीं लावावें. पंचवीस-तीस झाडें पुरेत. एक वाफा किंवा विहिरीकडेची थोडी जागा. प्रत्येक झाडास काठी देऊन तिला निराळ्या रंगाची चिंधी बांधावी. ज्या झाडाचीं पानें गोळा होऊन आंखडतात तें उपटून टाकावें. तो रोग पांढऱ्या माशीनें पसरतो, आणि असल्या झाडाचें फळ कितीही सुंदर असलें तरी त्याचें बीं धरूं नये. शेणखत घालावें, पण युरिया भारंभार नको, त्यानें फळ फुगतें आणि मऊ पडतें. पाणी एक दिवस तुंबवून मग आठ दिवस विसरलें तर साल तडकते, आणि तडकलेलें फळ ठेवण्याच्या कामाचें नाहीं. तोडणी जवळ आली कीं पाणी थोडें आंखडतें घ्यावें.

आतां मुख्य परीक्षा. फळाच्या टोंकाशीं लाली दिसूं लागली कीं एकाच दिवशीं, दंव वाळल्यावर, प्रत्येक झाडाचीं पांच-सहा फळें हलक्या हातानें तोडावीं. धुऊं नयेत. प्रत्येक झाडाचीं फळें वेगळ्या सुपांत, काडावर, एकमेकांस न लागतील अशीं मांडावीं आणि सुपाला त्याच झाडाची चिंधी बांधावी. तारीख भिंतीवर कोळशानें लिहिली तरी चालेल. दर तिसऱ्या दिवशीं पाहावें. नासलेलें काढावें, सुरकुतलेलें निराळें ठेवावें. दहाव्या दिवशीं कित्येक सुपें रिकामीं होतील. ज्या सुपांतलीं फळें अखेरपर्यंत घट्ट आणि तुकतुकीत राहिलीं त्यांतलें एक कापून घरच्या बाईनें चाखावें, आणि तिनें होय म्हटलें तरच त्याचें बीं धरावें. या परीक्षेंत पुरुषांनीं मत देऊं नये, असें मी अनुभवानें सांगतों. त्यांना मोठें फळ दिसलें कीं ते भुलतात. असें तीन-चार वर्षें केलें म्हणजे त्या घरची स्वतःची जात तयार होते.

बीं काढण्याची रीतही नीट असावी. पिकलेलें फळ कापून गर बियांसकट वाटींत पिळावा आणि दोन दिवस तसाच झांकून ठेवावा. तो आंबतो, वर साय येते. घाण वाटली तरी भिऊं नये, कारण बियांवरचा बुळबुळीत पडदा त्यानेंच सुटतो. मग पाणी घालून ढवळावें. भरलेलें बीं तळाशीं बसतें, पोकळ तरंगतें. तळाचें बीं धुऊन ताटांत सावलींत वाळवावें. कोरड्या बाटलींत थोडी चाळलेली राख घालून बूच घट्ट लावलें तर तें चार वर्षें सहज उगवतें.

साठवणीविषयीं थोडेंच सांगतों. भाद्रपदांतलें रोप पौष-माघांत फळ देतें, आणि त्या दिवसांत माळवदाच्या घरांतली आंतली खोली हीच उत्तम कोठी होय. टोमॅटोस बारा ते पंधरा अंशांचा गारवा मानवतो. त्याहून फार गार, म्हणजे बर्फाच्या कपाटांत, अर्धकच्चें फळ ठेवलें तर तें नीट लाल होत नाहीं आणि त्याचा वास मरतो. पिकलेलें केळें शेजारीं ठेवूं नये. त्याच्या वायूनें टोमॅटो भराभर पिकतात. (घाईनें पिकवावयाचे असतील तर मात्र केळें अवश्य ठेवावें!) घोस बांधून तुळईस टांगले तर हवा खेळते आणि उंदरांचीही पंचाईत होते. उन्हाळ्यासाठीं दिल्लीच्या पुसा संस्थेंत १९८० च्या दशकांत एक सोपी युक्ति निघाली: विटांच्या दोन भिंतींचा हौद, मध्यें वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर ओल्या गवताचें झांकण. आपल्याकडच्या कोरड्या झळांत आंतली हवा बाहेरच्याहून दहा-पंधरा अंश गार राहते आणि विजेचा पैसा लागत नाहीं. पावसाळ्यांत मात्र त्याचा उपयोग थोडा.

कोणी म्हणेल, हें सारें एका वाफ्याचें, आमचे एकर तसेच राहिले. खरें आहे. गांवरान जातीस उत्पन्न कमी आणि रोग अधिक, म्हणून सारा एकर तिला देण्याचा सल्ला मी देत नाहीं. परंतु वाफ्याचें बीं काय करतें हें पाहावयाचें असेल तर अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे पाहावें. शाळा न शिकलेल्या या बाईनें परसांतल्या गांवरान भाज्यांचें आणि धान्यांचें बीं जपलें, वाटलें, दुसऱ्या बायकांना जपावयास शिकविलें, आणि २०२० सालीं पद्मश्रीच्या यादींत तिचें नांव आलें. २००१ सालच्या कायद्यानेंही शेतकऱ्यास आपल्या शेतांतलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. संरक्षित जातीचें बीं नांवाची चिठ्ठी लावून विकतां येत नाहीं, एवढीच मर्यादा.

भाद्रपदांत रोप टाकावयाचें तर शोधाशोध आतांच सुरू केली पाहिजे. ज्यांच्या घरीं, किंवा ज्यांच्या माहेरीं, जुन्या टोमॅटोचें चिमूटभर बीं असेल त्यांनीं तें कागदाच्या पुडींत बांधून पुढच्या रविवारीं आणावें. पुडीवर गांवाचें नांव, फळाचा आकार आणि तें बीं किती वर्षांपासून घरांत आहे हें लिहावें. लिहितां येत नसेल त्यांनीं शाळेंतल्या एखाद्या मुलाकडून लिहवून घ्यावें. पुडी ओल्या हातानें बांधूं नये.