शकुंतला गाडी आणि आपली दिंडी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात जुन्या वारकऱ्यांच्या वतीने केलेले भाषण)





समितीने आम्हा जुन्या मंडळींना सांगितले की शंभर वर्षांबद्दल चार शब्द बोला. आता निरूपण करणे हे महाराजांचे काम. आम्ही मागच्या रांगेतले टाळकरी. आम्हाला जे पाहिले तेच सांगता येते. म्हणून आज आम्ही बोलणार आहो ते एका गाडीबद्दल. पोट्टे लगेच म्हणतील, "दिंडी तं पायी चालते, तिचं गाडीशी काय काम?" काम होते बाप्पा. ऐकून घ्या.

आपली शकुंतला ज्यांनी पाहिली त्यांना सांगायची गरज नाही. पण समोर बसलेल्या लहान लेकरांनी फक्त गवतात बुडालेला रूळ पाहिला आहे, त्यांच्यासाठी सांगतो. मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातले जंक्शन. मुंबईहून नागपूरकडे जाणारी मोठी लाइन तिथून जाते. त्या मूर्तिजापुरातून छोट्या गाडीचे दोन फाटे फुटत. एक आपल्याकडचा, लाखपुरी, बनोसा म्हणजे दर्यापूर, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जाणारा, ७६ किलोमीटरचा. दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारा, ११३ किलोमीटरचा. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट.

हा रूळ आपल्या सोयीसाठी टाकला गेला नव्हता. इंग्रजाला वऱ्हाडचा कापूस पाहिजे होता. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे नावाची खाजगी कंपनी निघाली, किलिक निक्सनवाले तिचा कारभार पाहत. कापसाच्या गाठी छोट्या गाडीने मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने मँचेस्टरला. त्याच मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून आपल्या रुळावर धावू लागले. म्हणजे ते इंजिन आणि आपली दिंडी बरोबरीच्या वयाचे. सत्तर वर्षे त्याने धूर ओकला. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेलचे इंजिन लावले.

कापसासाठी आलेली गाडी माणसांची कधी झाली, ते कोणाला कळलेही नाही. अंजनगावची पानाची टोपली तिच्यात, दर्यापूरच्या बाजाराची गठडी तिच्यात, बाळंतपणाला माहेरी येणारी लेक तिच्यात, आणि कोर्टाच्या तारखेला जाणारा कास्तकारही तिच्यातच. आपल्या भागाची काळी माती कशी आहे, हे सांगायला नको. मृगाचा एक पाऊस झाला की बैलबंडीचे चाक आऱ्यापर्यंत रुतते, पायातली वहाण चिखलातच राहते. पक्की सडक व्हायच्या आधी पावसाळ्याचे चार महिने ही गाडी हाच आपला रस्ता होता.

आता दिंडीचे सांगतो. आपली दिंडी जेठात निघते. पहिला मुक्काम दर्यापूरला. दर्यापूरच्या अंगाने वाहते त्या नदीचे नावही चंद्रभागाच. मेळघाटाच्या डोंगरातून ती येते. आपली म्हातारी माणसं तिचे पाणी डोळ्याला लावून म्हणत, "ज्याले पंढरपूर नाई झेपत, त्याची वारी इथंच झाली." मग लाखपुरीकडून पूर्णा ओलांडायची आणि तिसरा मुक्काम मूर्तिजापूर.

या तिसऱ्या मुक्कामाला गाडीचे काम पडे. गावात ज्यांना चालवत नव्हते, ज्यांचे गुडघे गेले, ज्यांच्या मांडीवर तान्हे लेकरू, ज्यांना पेरणीपायी घर सोडता येत नव्हते, ती सारी माणसं त्या दिवशी शकुंतलेने मूर्तिजापूरला येत. कोणाजवळ ज्वारीच्या भाकरीची चवड, कोणाजवळ ठेचा, कोणाजवळ डब्यात पिठले. विण्याला डोके टेकवायचे, दिंडीला जेवू घालायचे, रात्री कीर्तन ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी दिंडी कारंज्याच्या वाटेला लागली की डोळे पुसत येणाऱ्या गाडीने गावी परतायचे. आम्ही तिला पाठवणीची गाडी म्हणत होतो. लेक सासरी जाते तशी गावची माणसं दिंडीची पाठवणी करत. ज्यांचे पाय वारीला लागले नाहीत, त्यांचीही वारीतली एक भाकर अशी पोचत होती.

पुढे कारंज्यापर्यंतही दुसरा फाटा सोबतीला होताच. कारंज्याला गुरुमहाराजांचे दर्शन झाले की चोपदार एकदा सगळ्यांचे पाय पाहत. ज्याच्या पायाला मोठे फोड आले, ज्याला ताप भरला, त्याला कारंजा स्टेशनावर गाडीत बसवून माघारी पाठवत. तिथून पुढे रूळ आपल्या वाटेवर नव्हता. तिथून पुढे फक्त पाय आणि पांडुरंग.

आणि परतीची गंमत सांगतो. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की आम्ही पंढरपूर स्टेशनावर येत होतो. तिथेही छोटीच गाडी उभी. बार्शी लाइट रेल्वेची, १९०६ पासून कुर्डुवाडी ते पंढरपूर चालणारी, तिचाही रूळ अडीच फुटांचाच. आमच्या आधीच्या पिढीतल्या माउल्या तिला पाहून म्हणत, "हे तं आपल्याच गाडीची बहीण होय." कुर्डुवाडीला मोठी गाडी धरायची, दौंड, मनमाड, भुसावळ करत मूर्तिजापूरला उतरायचे, आणि पुन्हा आपली शकुंतला. जायची वाट पायांची, यायची वाट दोन छोट्या बहिणींची.

त्या दोघी बहिणींचे नशीब मात्र वेगळे निघाले. पंढरपूरची बहीण १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली, पुढे तिचे ब्रॉडगेज झाले. आज अमरावतीहून आणि खामगावहून आषाढीला थेट पंढरपूरला स्पेशल गाडी जाते ती त्याच्यामुळे. आपली शकुंतला मात्र स्वातंत्र्यानंतरही कंपनीच्याच मालकीची राहिली. रूळ कंपनीचा, गाडी चालवणार मध्य रेल्वे, आणि दर दहा वर्षांनी करार. मालक एक आणि चालवणारा दुसरा, असे वावर कसे पडते ते कास्तकाराला सांगावे लागत नाही. रूळ खंगत गेला, गाडी हळू होत गेली. शेवटी शेवटी ७६ किलोमीटरला चार-चार तास. स्टेशनांवर मास्तर उरले नाहीत. तिकीट गार्डनेच फाडायचे, आणि फाटक लावायला गाडीतलाच माणूस खाली उतरायचा, गाडी पुढे गेली की फाटक उघडून पुन्हा धावत येऊन चढायचा. आधी यवतमाळकडची बंद पडली, मग आपल्याकडचीही. २०२० उजाडले तेव्हा रुळावर एकही गाडी नव्हती.

गाडी बंद झाली तेव्हा, खरं सांगतो, आम्हाला फारसे काही वाटले नाही. गावात मोटारसायकली झाल्या होत्या. सडक झाली होती. आम्हीच म्हणत होतो की त्या रखडगाडीत कोण बसते? तिची किंमत आम्हाला कळली ती २०२२ मध्ये. आणि ती ज्या पद्धतीने कळली, ते आज शंभराव्या वर्षी दिंडीसमोर कबूल करावे म्हणून आम्ही उभे आहो.

कोरोनात दोन वर्षे पायी वारी झाली नाही. २०२२ ला दिंडी पुन्हा निघाली. गाडी नव्हती, म्हणून पाठवणीच्या माणसांसाठी आम्ही टेम्पो ठरवला. निरोप दिला की सकाळी जुन्या स्टेशनावर या. स्टेशन सगळ्यांना माहीत, तिथल्या निंबाखाली सावली, बसायला ओटा, म्हणून ती जागा. पण त्या दिवशी टेम्पो गावातच मारुतीच्या पारापाशी भरला. जागा उरली नाही म्हणून ड्रायव्हर सरळ सडकेने निघाला. आत बसलेल्यांना वाटले, स्टेशनावरचे दुसऱ्या गाडीने येतील. आम्ही दिंडीत होतो, आम्हाला वाटले, सारे आले. कोणी कोणाला विचारले नाही.

स्टेशनावर चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. पदरात भाकरी बांधून. सकाळपासून दुपार कलेपर्यंत त्या तिथे बसून होत्या. एकीने भाकरी सोडली नाही, कारण ती दिंडीची होती. शेवटी शेतातून येणाऱ्या एका पोराने त्यांना बंडीत घालून घरी आणले. आम्हाला हे रात्री हरिपाठ झाल्यावर फोनवर कळले. त्या रात्री मूर्तिजापूरला आमच्यापैकी कोणाला भाकर गोड लागली नाही.

पंढरपूरहून आल्यावर आम्ही त्या चौघींच्या घरी प्रसाद घेऊन गेलो. पाया पडलो. तिघींनी काही म्हटले नाही, उलट चहा ठेवला. चौथी माय सगळ्यांत म्हातारी. तिने प्रसाद कपाळाला लावला आणि म्हणाली, "गाडी असती तं थांबली असती."

बस, एवढेच. राग नाही, शिवी नाही. पण तेव्हापासून हे वाक्य आमच्या कानातून जात नाही.

कारण ते खरे होते. ती गाडी थांबत होती. धुऱ्यावरून कोणी हात हलवत पळत येताना दिसले की ड्रायव्हर वेग कमी करायचा. डब्यातून माणसं ओरडत, "थांब न बाप्पा, माही माय येऊन रायली!" आणि गाडी थांबायची. कोणाची टोपली वर घ्यायची, कोणाचे लेकरू हातोहात आत घ्यायचे. आम्ही तिला हसलो की ही बैलबंडीपेक्षा हळू. पण हळू होती म्हणूनच मागे राहिलेला तिला दिसत होता.

आणि माउली, दिंडी म्हणजे दुसरे काय आहे? झेंडेकरी पुढे धावत नाही, विणेकरी आपल्या चालीने चालत नाही. सगळ्यांत हळू चालणारी जी माय आहे, तिची चाल ती दिंडीची चाल. मागची तुळस दिसेनाशी झाली की चोपदाराने पुढच्यांना थांबवायचे, ही आपल्या जुन्या माणसांनी घालून दिलेली रीत. त्या दिवशी ती रीत आमच्याकडून मोडली. टेम्पोचा दोष नाही. आम्ही मोजणी केली नाही.

म्हणून या शंभराव्या वर्षी आमचे मागणे साधे आहे.

गेल्या वर्षभरात तरुण मंडळींत एक विषय चालला आहे की मूर्तिजापूरपर्यंतचे पहिले तीन मुक्काम गाडीने उरकावे, म्हणजे नोकरीवाल्यांच्या सुट्ट्या वाचतील. त्यांची अडचण खरी आहे, आम्ही ती खोटी म्हणत नाही. ज्याला सुट्टी नाही त्याने मूर्तिजापूरला येऊन दिंडीत मिळावे, पुढे कारंज्याला मिळावे, त्याला कोणी कमी समजणार नाही. पण दिंडीने गावातून पायीच निघावे. तेच तीन दिवस गावाचे आहेत. बाकीचे दिवस ज्यांना पंढरपूर गाठता येते त्यांचे आहेत.

दुसरे, प्रस्थानाच्या दिवशी दुपारचा विसावा जुन्या स्टेशनाच्या निंबाखाली व्हावा. मास्तरच्या खोलीचे छप्पर गेले, रांजण फुटला, रुळात बाभळी उगवल्या. पण निंब उभा आहे आणि ओटाही आहे. त्याच्या आदल्या दिवशी आपण सर्वांनी झाडू घेऊन तिथे जावे. गाडगेबाबा आपल्याच मुलखातले, शेंडगाव अंजनगावपासून जवळच, त्यांचे मामाचे गाव दापुरा मूर्तिजापूरकडचे. त्यांच्या मुलखातल्या माणसांना झाडू धरायला शिकवावे लागू नये.

तिसरे, पाठवणीच्या दिवशी टेम्पो आधी स्टेशनावर जाईल, मग गावात येईल. २०२३ पासून आम्ही तसेच करतो आहो. आमच्यापैकी एक जण सगळ्यांत शेवटी चढतो आणि मोजतो. आमच्यामागेही हे चालू राहावे, म्हणून ते दिंडीच्या वहीत लिहून ठेवावे.

शकुंतलेचे ब्रॉडगेज व्हावे ही मागणी वऱ्हाडात अनेक वर्षे चालू आहे. आपल्या दिंडीचाही तिला पाठिंबा आहे. जिथे सह्या लागतील तिथे आम्ही सह्या देऊ. उद्या मोठी गाडी आली तर आनंदच आहे. पण मोठी गाडी धुऱ्यावरच्या म्हातारीसाठी थांबणार नाही, ते काम आता आपल्यालाच करायचे आहे.

ती चौथी माय मागच्या वर्षी गेली. जायच्या आधी तिची एक पाठवणी झाली. २०२३ ला ती टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ बसून मूर्तिजापूरला आली, विण्याला डोके टेकवले आणि पदरातली भाकर सोडून स्वतःच्या हाताने आम्हाला वाढली. ती भाकर आम्ही कधी विसरणार नाही.

बोलण्यात कमी-जास्त झाले असेल तर लेकरू समजून पोटात घाला.

रामकृष्णहरी.