आवरण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



ज्या कस्तुरबा गांधी मार्गावर आज आपण जमलो आहोत, त्यास आमचे वडील अद्याप ‘कर्झन रोड’च म्हणतात. येथील महाराष्ट्र सदन २०१३ साली सुरू झाले. वडिलांची दिल्ली त्याहून पुष्कळ जुनी. ती त्यांच्या घरात कशी साठून राहिली आहे, हे आपल्यापुढे मांडावे असे आम्हां भावंडांस वाटते.

वडील सरकारी नोकरीसाठी एक ट्रंक व एक होल्डॉल घेऊन येथे आले. आमचे बालपण सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये गेले. निवृत्तीनंतर सारा संसार यमुनापारच्या दोन खोल्यांच्या डी.डी.ए. फ्लॅटमध्ये कोंबावा लागला. पुढे २०१६ साली सरकारने दिल्लीतील सात जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. त्यांत सरोजिनीनगरही होते. आमचे क्वार्टर गेले. त्यातले सामान मात्र राहिले.

इतकी वर्षे आम्ही त्या घरी पाहुण्यांसारखे जात होतो. गेल्या दिवाळीत प्रथमच डोळे उघडून पाहिले. श्रीखंडाचे रिकामे डबे, सुतळीची भेंडोळी, वर्तमानपत्रांच्या चळती आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे! १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आमच्या घराइतक्या निष्ठेने क्वचितच कोणी जपली असेल. पण पलंगापासून न्हाणीपर्यंतची वाट हातभर उरली होती, आणि आई भिंत धरून चालत होती. ते पाहून हसू मावळले.

आम्ही वडिलांस न विचारताच कबाडीवाल्यास बोलावले. चळती उपसताना मधून पाकिटे निघू लागली : बँकेची, पेन्शनची, विजेच्या बिलांची. कित्येक फोडलेलीही नव्हती. वडील म्हणाले, “सवड झाली नाही.” आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितले, “अरे, त्यांना आता वाचता येत नाही.”

दर रविवारी आम्ही फोनवर “बरे आहे ना?” म्हणून विचारत होतो, ते “उत्तम” म्हणत होते. जे त्यांनी सांगितले नाही, ते त्या चळती कधीच्या सांगत होत्या. आम्ही कबाडीवाल्यास परत पाठविले व वडिलांस डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदू होता; शस्त्रक्रिया झाली.

त्यानंतर आवराआवर केली, ती वडिलांच्या संमतीने. प्रथम आईची वाट मोकळी केली. मग दर रविवारी एकच खोके काढावयाचे, त्यांनी सांगावयाचे आणि आम्ही छायाचित्रांच्या पाठीमागे नावे लिहावयाची. बरेच सामान त्यांनी स्वतःच रद्दीत दिले. ट्रंकेस मात्र हात लावू दिला नाही. तिच्यावर पांढऱ्या रंगात गावाचा पत्ता आहे. “परत जाताना लागेल,” ते म्हणाले.

परत जाणे आता होणार नाही, हे त्यांसही ठाऊक आहे. तथापि दिल्लीतील सारी वर्षे त्या एका वाक्याच्या आधारावर काढलेल्या माणसास आम्ही काय उत्तर द्यावे? ट्रंक पलंगाखाली आहे. तेथे ती कोणाच्या पायात येत नाही.

मित्रहो, आपणांपैकी अनेकांच्या आईवडिलांचे घर असेच भरलेले असेल. ते जरूर आवरा. परंतु आधी वाचा. आणि ही स्मरणिकाही उद्या कोणत्या तरी गठ्ठ्यात जाऊन बसेल, तेव्हा तिच्याखाली एखादे न फोडलेले पाकीट नाही ना, एवढे पाहा.