एका गोळीतली दोन औषधं

मेडिकलमध्ये बीपीची गोळी मागणारे बहुतेक लोक रंगानं मागतात. "ती द्या, एका बाजूनं पांढरी, दुसऱ्या बाजूनं रंगीत." गोळीला दोन रंग बहुधा अशासाठी असतात, की तिच्यात दोन औषधांचे दोन थर एकावर एक दाबलेले असतात. आज बोलायचं आहे ते या जोडगोळीबद्दल. आपल्या परभणी जिल्ह्यात, जिंतूरपासून पालमपर्यंत, ती आता घरोघरी आहे आणि ज्याच्या घरात आहे त्याला तिच्यात काय आहे हे ठाऊक नाही, अशी गत आहे.

आधी एक शंका दूर करतो. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र दिली म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलं, असं नाही. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन ही जोडी घ्या. रक्तवाहिन्या आखडवणारा एक संदेश शरीरात सतत फिरत असतो, त्याला टेल्मिसार्टन अडवतं. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करतं. दोघांच्या वाटा वेगळ्या. चढावर एकाच बैलाला पराणी टोचत बसण्यापेक्षा दोन बैल जुंपलेले बरे, तसंच हे. एका औषधाचा डोस दुप्पट करून जेवढा दाब उतरतो, त्याहून कितीतरी जास्त दोन औषधांच्या कमी डोसांनी उतरतो. शिवाय नुसत्या अ‍ॅम्लोडिपिननं घोट्यावर जी सूज येते, ती टेल्मिसार्टन सोबत असलं की कमी येते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली अशा जोडगोळ्या आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. २०२४ साली भारतातल्याच सुमारे दोन हजार रुग्णांवर तीन वेगवेगळ्या जोड्या ताडून पाहिल्या गेल्या. तिन्ही सारख्याच उतरल्या, आणि सुमारे ७० टक्के लोकांचा दाब १४०/९० च्या खाली आला. तेव्हा शेजाऱ्याची जोडी वेगळी आणि माझी वेगळी, म्हणून मनाला लावून घ्यायचं कारण नाही. त्याची गोळी आपण मात्र घ्यायची नाही.

आता पट्टी हातात घ्या. कंपनीनं गोळीला दिलेल्या नावापुढं बारीक शेपूट असतं. एएम असेल तर बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, एच म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी म्हणजे त्याच जातीचं क्लोरथॅलिडोन, एटी म्हणजे अटेनोलोल. बहुधा म्हणतो, कारण ही अक्षरं प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं लावते. खरी ओळख घटकांच्या ओळीत असते आणि त्या ओळीत प्रत्येक औषधापुढं मिलिग्रॅमचा आकडा असतो. चष्मा लावूनही दिसत नसेल तर शाळकरी नातवाला वाचायला सांगा. ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर मोबाईलनं वाचता येईल असा चौकोनी कोड छापणं बंधनकारक झालं आहे. पोरांना ते आपल्यापेक्षा लवकर जमतं.

ही ओळ वाचायला का सांगतो, ते ऐका. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात. महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१७ च्या सुमारास सुरू झाला. ठरलेली मोजकी औषधं आणि ठरलेल्या पायऱ्या, ही त्याची रीत. सरकारी दवाखान्यात अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन बहुधा सुटी मिळतात, दोन वेगळ्या गोळ्या. मग एखाद्या दिवशी डोकं दुखतं, मुलगा आईला शहरातल्या खासगी डॉक्टरकडं नेतो. तिथं आधीच्या गोळ्यांचं कुणी सांगत नाही, डॉक्टर जोडगोळी लिहून देतात. आई मोठी शिस्तीची. सरकारी गोळ्याही चालू ठेवते आणि नवीही घेते. औषधं तीच दोन, पोटात दुप्पट. चार दिवसांनी पहाटे उठताना तोल जातो, आणि सगळं घर म्हणतं, अशक्तपणा आला. हा अशक्तपणा सलाइननं जात नाही. म्हणून डॉक्टरकडं जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. रिकाम्या झालेल्याही न्या, त्यांच्यावर नाव तर असतं. जनऔषधी केंद्रातली गोळी घेतली तरी हाच नियम. ती स्वस्त असते आणि औषध तेच असतं, नाव तेवढं वेगळं, आणि त्या वेगळ्या नावामुळंच ती दुसरी समजून दोन्ही घेतल्या जातात.

उलट चूकही तेवढीच होते. "गोळी आठ दिवस बंद होती, काहीच झालं नाही." अ‍ॅम्लोडिपिन शरीरात निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास घेतं. गोळी थांबली तरी त्याचा अंमल हळूहळू उतरतो, आणि दाब चढतो तेव्हा बहुतेकांना काही जाणवत नाही. जोडीत अटेनोलोल किंवा मेटोप्रोलोल असेल तर एकदम बंद करणं धोक्याचंच. हृदयाचं दुखणं असलेल्याला त्यानं झटकासुद्धा येऊ शकतो. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसरीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दोन मिळून घेऊ नका. तपासायला जायच्या दिवशी मुद्दाम गोळी न घेता येणारे बरेच असतात. मग दाब चढा दिसतो आणि डोस उगीच वाढतो.

आपल्याकडचा मे महिना वेगळा सांगायला नको. पारा ४४-४५ ला टेकतो, अंगातलं पाणी घामावाटे जातं. जोडीत लघवी वाढवणारं औषध असेल तर पाणी त्याही वाटेनं जातं. त्यात रानातून येऊन गुडघा ठणकला म्हणून डायक्लोफिनॅक किंवा तसली वेदनाशामक गोळी घेतली, की टेल्मिसार्टन, पाणी काढणारी गोळी आणि वेदनाशामक असे तिघं मिळून किडनीवर येतात. या जिल्ह्यातल्या बीपीवाल्यांनी लक्षात ठेवायची एकच गोष्ट निवडा म्हटलं तर मी ही निवडीन. मेडिकलवाल्याला आधी सांगायचं, "मला बीपीची गोळी चालू आहे." अंगदुखीला पॅरासिटामॉल बरी. जुलाब-उलट्या लागल्या आणि पोटात पाणी ठरत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, यातली कोणती गोळी दोन दिवस थांबवू? आपल्या मनानं सगळ्या थांबवायच्या नाहीत.

पट्टीही उन्हापासून जपा. पत्र्याच्या घरात खिडकीच्या फळीवर किंवा चुलीशेजारी नको, माठापाशीही नको. टेल्मिसार्टनला ओल सोसत नाही, म्हणून आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरू नका, घ्यायच्या वेळीच काढा. आठवडी बाजारात चार-चार गोळ्या कापून घेता तेव्हा मुदतीची तारीख दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहते. ती विचारून घ्या, नाहीतर पूर्ण पट्टी घ्या.

खाण्यातलं एक. कमी सोडियमचं म्हणून विकतं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल चालू असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. सैंधव मात्र शेवटी मीठच, त्यानं बीपी उतरत नाही. पापड-खारवड्या हात आखडून खा. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. नवी जोडगोळी सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा, म्हणजे बहुधा काही आठवड्यांतच.

तरुण सुनांसाठी हे वेगळं सांगतो, कारण त्या विचारत नाहीत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या जातींच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला इजा होते. दिवस राहायचे असतील तर आधीच सांगा. राहिले असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, ते दुसरी गोळी देतात.

आणि वारी. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी आपल्या जिल्ह्यातून पुढं पंढरपूरला जाते. तिच्यासोबत किंवा आपापल्या दिंडीत चालणाऱ्यांपैकी पन्नाशीपुढच्या कितीतरी जणांच्या पिशवीत बीपीची गोळी असते. निघताना वाटेत पुरतील त्याहून आठवडाभर जास्तीच्या गोळ्या घ्या, पट्टीतच राहू द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये आणि एक कागदी नक्कल दिंडीतल्या सोबत्याकडं ठेवा. पाय दुखले तर मुक्कामाच्या आरोग्य पथकाकडं जा आणि गोळी मागण्याआधी आपली पट्टी दाखवा. तोंड एका बाजूला गेलं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर बीपीची जादा गोळी देत बसू नका. माणसाला आडवं करा आणि १०८ ला फोन लावा.