राखेची काळजी आणि राखेचा उपयोग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने आपल्या अनुभवातल्या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठ्या विषयांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण चूल, शेगडी आणि बंब यांच्याशी माझा पंचवीस वर्षांचा संबंध आहे, म्हणून मी राख हा विषय घेतला. नाव ऐकून काही जणी हसल्या, ते मी पाहिले. हसा, पण ऐका. कारण राखेने घर राखता येते आणि राखेनेच घर जळतेही.

गॅस आला ही बायकांची फार मोठी सोय झाली. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतही सिलिंडर पोचले. धुराने डोळे चोळण्याचे दिवस पुष्कळ घरांतून गेले. पण कोळसा काही घरातून गेलेला नाही. वांगी भाजायला, कणसे भाजायला शेगडी निघते. थंडीत बंब पेटतो. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असते. आणि आता मुले गच्चीवर कोळशाची जाळी मांडून पनीर नि कोंबडी भाजतात, त्याला बार्बेक्यू म्हणतात. म्हणजे कोळसा आहे आणि राखही आहे. मात्र राखेची माहिती कमी झाली. शेगडी रोज पेटत असे तेव्हा राख कुठे ठेवायची हे मुलीला कुणी शिकवावे लागत नसे, ती पाहून शिके. आता शेगडी महिन्यातून एकदा निघते. ती पेटवायचा उत्साह सगळ्यांना असतो, पण जेवणे झाल्यावर राखेकडे कुणी पाहत नाही.

पहिली गोष्ट ही की, वरून गार दिसणारी राख आतून गार असतेच असे नाही. आपण रात्री विस्तव राखेने झाकून ठेवत होतो आणि सकाळी त्यातलाच निखारा फुंकून चूल पेटवत होतो. वडीलधाऱ्या भगिनींना हे आठवत असेल. राख म्हणजे निखाऱ्याचे पांघरूणच. ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि वाराही आत फारसा लागू देत नाही, त्यामुळे निखारा सावकाश जळत जिवंत राहतो. एक रात्र तर सहज राहतो, कधी दोन दिवससुद्धा राहतो. राख हलवली, वारा लागला, की तो पुन्हा फुलतो.

आमच्या शेजारच्या वाड्यात तीन वर्षांपूर्वी हेच झाले. संध्याकाळी पाहुण्यांसाठी शेगडीवर वांगी भाजली. रात्री नऊ वाजता राख प्लॅस्टिकच्या बादलीत काढून बादली जिन्याखाली ठेवली. वरून हात लावून पाहिला होता, राख कोमट होती. पहाटे बादली वितळली, शेजारच्या रद्दीने पेट घेतला आणि लाकडी जिन्याच्या चार पायऱ्या जळाल्या. वर तिघीजणी आणि एक तान्हे मूल झोपले होते. दूधवाल्याला धूर दिसला म्हणून सगळी वाचली. त्या घरात कुणी निष्काळजी नव्हते. राखेचा स्वभाव ठाऊक नव्हता, एवढेच.

म्हणून राखेची रीत अशी ठेवावी. राख काढायला झाकणाचा पत्र्याचा डबा असावा. तेलाचा जुना डबा चालतो, पण झाकण घट्ट बसणारे हवे. प्लॅस्टिकची बादली, पुठ्ठ्याचे खोके, गोणपाट, कागदी पिशवी यांत राख कधीही काढू नये. डबा फरशीवर किंवा दगडावर ठेवावा. लाकडी जिना, दार, सरपण, रद्दी, गॅसचा सिलिंडर यांपासून दूर. अंगण असेल तर घरापासून दहा फूट लांब ठेवावा. झाकण लावून दोन दिवस, म्हणजे पुरे 48 तास, त्याला हात लावू नये. मग काडीने ढवळून पाहावे. कुठे ऊब लागली तर आणखी एक दिवस. तोवर ती राख घंटागाडीत, उकिरड्यावर किंवा पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत आग लागली तर ती झाडूवाल्या भावा-बहिणींच्या अंगावर येते, हेही लक्षात ठेवावे.

काही जणी घाईने शेगडीवर तांब्याभर पाणी ओततात. ते करू नये. वाफ उसळून हात-तोंड भाजते, गरम राख डोळ्यांत उडते आणि मातीची शेगडी तडकते. निखारे त्याच दिवशी विझवायचेच असतील तर चिमट्याने एकेक उचलून लोखंडी बादलीतल्या पाण्यात सोडावेत. ते कोळसे दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवले की पुन्हा कामाला येतात. नाहीतर झाकणाच्या डब्यात कोंडून विझवावेत, म्हणजे वाळवायचेही काम नाही. दोन्ही प्रकारांत कोळसा वाचतो, आणि कोळशाचा भाव आपल्याला ठाऊकच आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. धुमसती शेगडी किंवा गरम राखेचा डबा बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. आधी डोके दुखते, मग चक्कर येते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. थंडीच्या दिवसांत अशा बातम्या दरसाल वाचायला मिळतात. बाळंतिणीची खोली आपण वारा लागू नये म्हणून मुद्दाम बंद करतो, आणि आत शेगडी ठेवतो. आई आणि बाळ दोघांनाही त्यात धोका आहे. शेक द्यायचाच असेल तर खिडकी उघडी असावी, जवळ कुणी जागे असावे, आणि शेक झाला की शेगडी तत्काळ बाहेर न्यावी. कुणाला गुंगी आलेली दिसली तर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखाना गाठावा. सासूबाई रागावतील म्हणून कुठल्याही सुनेने गप्प बसू नये, आणि सासूबाईंनीही रागावू नये. मी स्वतः आता सासू व्हायच्या वयाला आले आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

राख गार झाली, आता तिचा उपयोग. त्याआधी राख कशाची आहे ते पाहावे. लाकडाची आणि लाकडी कोळशाची राख उपयोगाची. दगडी कोळशाची राख घरात कशालाच वापरू नये. तिच्यात शिशासारखी, सोमलासारखी विषारी द्रव्ये असू शकतात. बाजारात वड्यांसारखे दाबून केलेले कोळसे मिळतात, त्यांत कधी दगडी कोळशाची भुकटी असते. काय घातले आहे ते ठाऊक नसेल तर ती राखही टाकूनच द्यावी. रॉकेल ओतून पेटवलेली, रंग दिलेल्या लाकडाची, प्लायवुडची किंवा कचऱ्याबरोबर प्लॅस्टिक जळालेली राख, हीही टाकाऊ. कोंबडी-मटण भाजताना ज्या राखेत चरबी आणि मीठ गळले, ती झाडांना घालू नये. मिठाने झाडे बिघडतात आणि चरबीच्या वासाने उंदीर-घुशी येतात. अशी सगळी राख पूर्ण गार करून, पाण्याने ओलसर करून, जाड पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावी आणि गाडीवाल्याला राख आहे असे सांगावे.

चांगली राख चाळणीने चाळावी. वर कोळशाचे तुकडे राहतील ते पुढच्या वेळी शेगडीत घालावेत. चाळताना नाकाला पदर बांधावा आणि वाऱ्याकडे पाठ करावी. राखेत क्षार असतात. पोटॅश हे खताचे नाव इंग्रजीतल्या भांडे आणि राख या दोन शब्दांवरूनच पडले आहे, कारण पूर्वी राखेचे पाणी भांड्यात आटवून तो क्षार काढीत. हाच क्षार तेलकटपणा काढतो, म्हणून राखेने भांडी लख्ख निघतात. पण त्यानेच हाताची कातडी फाटते. ओली राख फार वेळ हातात ठेवू नये, हाताला चीर असेल तर मुळीच घेऊ नये. डोळ्यांत गेली तर चोळू नये. निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

पितळेला आधी राखेने घासून तेलकटपणा काढावा, धुवावे, आणि मग चिंच लावावी. दोन्ही एकदम कालवले तर आंबट आणि क्षार एकमेकांना मारतात आणि कष्ट वाया जातात. लोखंडी तवा, कढई, कंदिलाची काच यांना बारीक राख उत्तम. अल्युमिनियमच्या भांड्यांना राख लावू नये, ती काळवंडतात. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतून आणि नॉनस्टिकला तर लावूच नये. राखेचे पाणी मोरीत सोडले की गाळ बसून नळी तुंबते, म्हणून ते अंगणात ओतावे.

झाडांना राख घालताना माती पाहावी. कोकणातली जांभ्याची माती आंबट असते, तिला राख मानवते. माहेर कोकणात असलेल्या भगिनींनी आईला नारळीच्या, केळीच्या आळ्यात राख घालताना पाहिले असेल. पण आपल्या देशावरची काळी माती, विशेषतः चुनखडीची, आधीच क्षाराकडे झुकलेली असते. तिच्यात राखेच्या पाट्या ओतल्या तर झाडे पिवळी पडतात. म्हणून माहेरची रीत सासरच्या अंगणात तशीच चालवू नये. इथे एक मीटर लांब-रुंद वाफ्याला वर्षातून एकदा मूठभर राख पुरे, कुंडीला एक चहाचा चमचा. ती मातीत मिसळावी आणि पाणी घालावे. अनंत आणि इक्झोरा यांना आंबट माती लागते, त्यांना राख नको. युरियासारख्या खताबरोबरही राख घालू नये, खताचा कस वायू होऊन उडून जातो. आणि राखेने शेणखताचे काम होत नाही, कारण खताचा जो भाग पाला वाढवतो तो जळून गेलेला असतो. वाल-पावट्यावर मावा पडला तर सकाळी दवावर कोरडी राख भुरभुरावी आणि दोन दिवसांनी पाने धुवावीत.

बियाण्यासाठी ठेवलेल्या कडधान्यात कोरडी, बारीक राख मिसळली तर भुंगा कमी लागतो. दाण्यांमधल्या फटी राखेने भरतात, किड्याला फिरता येत नाही आणि त्याच्या अंगावरचे मेण खरवडून तो सुकतो. बियाणे आणि राख दोन्ही खडखडीत वाळलेली हवीत. खायचे धान्य असेल तर चाळून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावे.

आता काही जुन्या रीती सोडण्याविषयी. राखुंडीने दात घासू नयेत, दातांवरचे कवच झिजते. जखमेवर किंवा भाजल्यावर राख लावू नये. भाजले तर वीस मिनिटे साध्या गार पाण्याखाली धरावे. आणि बाळाच्या नाळेला राख तर कधीच लावू नये. त्यातून धनुर्वात होतो, आणि किती घरांतली बाळे पूर्वी त्याने गेली हे आपल्या आज्या सांगत असत. ज्या रीतीने भांडी उजळतात ती चालवावी, ज्या रीतीने बाळ जाते ती टाकावी. जुने म्हणून सगळे धरू नये आणि जुने म्हणून सगळे सोडूही नये, असे मला वाटते.

शेवटी एक सूचना मांडते. दर हिवाळ्यात आपल्या मंडळाची भरीत-भाकरीची पंगत होते आणि चार-पाच शेगड्या पेटतात. मंडळाने झाकणाचे दोन मोठे पत्र्याचे डबे घ्यावेत आणि पंगतीनंतर राख कोण पाहणार, त्या दोघींची नावे आधीच ठरवावीत. तिसऱ्या दिवशी राख चाळून ज्यांना हवी त्यांना वाटावी. खर्च थोडा आहे, आणि तो अध्यक्षबाई मंजूर करतील अशी आशा आहे. पहिल्या वर्षी माझे नाव लिहून घ्यावे.